क्लिनर साईड

॥ जय सेवालाल ॥

धावजीनगर तांडा, पांढरकवडा
७ सप्टेंबर २०२५

चि. संजय यास,

पूनमसिंगचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी आणि तुझी याडी, आम्ही दोघं खुशाल आहोत. पत्र लिहिण्यास कारण तुझी गाडी.

पोळ्याला तू ती अंगणात उभी करून गेलास आणि माझी जीप विकून टाकलीस. जीपला ब्रेक कमी होता हे मलाही मान्य आहे. पण जीप गप्प बसायची. ही नवी गाडी दार उघडल्यापासून काही ना काही सांगत असते. पट्टा बांधा म्हणून ओरडते, दार नीट लावा म्हणून ओरडते, मागून कोंबडी गेली तरी ओरडते. मला तिचं ओरडणं धड ऐकू येत नाही, तुझ्या याडीला येतं. तिचं डोकं उठतं, मग ती मला सांगते, आणि एका कटकटीच्या दोन होतात. पट्ट्याचा बंदोबस्त मी केला आहे. तो पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवून ठेवला, आता त्याबद्दल ती बोलत नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनमध्ये मला निव्वळ भुंगा ऐकू येतो. ट्रकवर होतो तेव्हा गुवाहाटीहून, वापीहून कार्ड टाकायचो, तसं आता घरून टाकतो. तूही कागदावरच लिही, म्हणजे मला दोनदा वाचता येतं.

बाजाराच्या दिवशी काय झालं ते ऐक. केळापूरच्या वळणावर एक मोटारसायकलवाला हिरव्या चाऱ्याचा भारा आडवा बांधून चालला होता. मी त्याला बघितलं होतं, बाजूने जायला जागा आहे हेही बघितलं होतं. गाडीने मला न विचारता करकचून ब्रेक मारला. मागे हैदराबादकडचा ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर चांगला निघाला म्हणून आज मी हे लिहितो आहे. घाटंजी रोडवर तर पांढरे पट्टे नाहीतच, तिथे डांबराच्या ठिगळाला ही पट्टा समजते आणि माझ्या हातातलं हँडल ओढते. मी पस्तीस वर्षं ट्रक चालवला, माझ्या हातातलं हँडल कुणी ओढलं नव्हतं.

तू शिकलेला आहेस म्हणून विचारतो. ड्रायव्हरला यंत्र कशाला लागतं? ड्रायव्हरला लागतो तो क्लिनर. डाव्या हाताचं आपल्याला दिसत नाही, ते तो बघतो. दाराच्या पत्र्यावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की जाऊ दे. माझा गोविंदा क्लिनर पळून गेला तेव्हा तू आणि ममता दोघं भावंडं आश्रमशाळेत होतात. तेव्हापासून तुझी याडी क्लिनर साईडला बसली, ती आजही बसते. माझे कान गेल्यावर ती तोंडाने सांगायचं सोडून नुसती डॅशबोर्डवर थाप मारते. ती मला हँडलमधून हाताला कळते. असा क्लिनर कोणत्या कारखान्यात मिळतो ते मला कळव.

माझे आजोबा बैलांवर मीठ लादून न्यायचे, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा असायची. माणसं चालता चालता पेंगायची. घंटा वाजते आहे तोवर सगळं ठीक. घंटा थांबली की पेंगणारा माणूस खाडकन जागा व्हायचा. आमची घंटा गप्प होऊन जागं करायची, तुझी बोलून बोलून झोप आणते.

थकलो रे. ट्रक सोडल्यावर कुणाचं ऐकावं लागणार नाही असं वाटलं होतं. सौ. निकिताला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो तुझ्या गाडीच्या आवाजासारखा रोज वाढू नये एवढंच.

तुझा,
बा

---

पुणे
१६ सप्टेंबर २०२५

ती. बा यांस,

संजयचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र निकिताला वाचून दाखवलं. ती कोंबडीपर्यंत हसली, पट्ट्याशी आल्यावर ती ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. तो पट्टा पाठीमागून काढा आणि अंगावर घ्या. एवढं माझ्यासाठी करा.

चाऱ्याच्या भाऱ्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. गाडीला चारा कळत नाही, तिला फक्त समोर काहीतरी आडवं आहे एवढंच कळतं. पुढच्या वेळी आलो की तिचा उतावळेपणा थोडा कमी करून देईन. पण तोवर बटण बंद करू नका. पुढच्या काचेला, आरशाच्या मागे, एक बारीक कॅमेरा चिकटवलेला आहे. तोच तिचा डोळा. तुमची नजर क्षणभर इकडेतिकडे झाली तर तेवढा रस्ता तो बघतो, बाकी त्याला तुमच्याशी काही वैर नाही.

बा, मी ती गाडी उगाच घेतली नाही. मागच्या उन्हाळ्यात जीपमध्ये मी आणि निकिता मागे बसलो होतो. करंजीच्या अलीकडे तुमची मान खाली गेली. याडीने थाप मारली, तुम्ही सावरलं आणि पुढच्या गावाबद्दल बोलायला लागलात, जणू काही झालंच नाही. त्या रात्री निकिताने मला विचारलं की आई सोबत नसतील तेव्हा काय होतं. घरी परतल्यावर मी गाडीची चौकशी सुरू केली.

आणि हे फक्त तुमचंच नाही. माझी ऑफिसची गाडीही अशीच आहे. कंपनीच्या गोदामातून घरी यायला मला दीड-दोन तास लागतात. परवा समोरच्या पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र आलं, म्हणजे थांबा आणि विश्रांती घ्या. मला राग आला. मग लक्षात आलं की मागचा पूल मी कधी ओलांडला ते मला आठवतच नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी भांडत नाही. भांडायला ताकदही नसते, खरं सांगायचं तर.

कानाची मशीन घेऊन दिली होती ती डब्यातच आहे का? ती लावलीत तर गाडीचं ऐकू येईल, आणि फोनमधला भुंगाही जाईल. पण मग तुमची पत्रं बंद होतील, तेही मला नको आहे.

याडीला माझा नमस्कार सांगा. तिला म्हणावं, डोकं उठलं तर माझ्या नावाने बोटं मोड. माझ्यावर जी माया आहे त्यातली थोडी त्या गाडीकडेही वळवा.

आपला,
संजय

---

॥ जय सेवालाल ॥

धावजीनगर तांडा
५ ऑक्टोबर २०२५

चि. संजय यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. दसरा चांगला झाला. तांड्यातल्या सगळ्या गाड्या धुऊन ओळीने उभ्या केल्या होत्या, तुझी सगळ्यात पुढे. याडीने कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारच्या रुपीबाईने डोळे भरून गाडी बघितली आणि संजयने नाव काढलं म्हणाली. तुझ्या याडीने लगेच गाडीची दृष्ट काढली.

एक उणीव होती ती मी भरून काढली. आपल्या माणसाच्या गाडीला पुढच्या काचेवर जय सेवालाल लिहिलेलं नसेल तर ती कुणाचीही वाटते. पांढरकवड्याहून मोठी लाल पट्टी करून आणली आणि काचेच्या वरच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतः चिकटवली. दोरा धरून सरळ लावली, एक बुडबुडा राहू दिला नाही. आता ती लांबून आपली म्हणून ओळखू येते.

आणि सेवालाल महाराजांची कृपा म्हण, त्या दिवसापासून गाडीचं तोंड बंद आहे. ब्रेक मारत नाही, हँडल ओढत नाही. तुझ्या बटणाला मी हात लावलेला नाही, तुझं म्हणणं पाळलं आहे. ती आपणहून शहाणी झाली. पट्टाही अंगावर घेतो, गळ्याला टोचतो तरी.

याडीचं डोकं उठायचं थांबलं. ती म्हणते, आता मलेच जास्त पाहा लागते. मी म्हणालो, आधी काय वेगळं होतं.

कानाची मशीन डब्यात आहे. तिने कानात किडा शिरल्यासारखं वाटतं. कापूस फुटायला लागला आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, त्यामुळे याडी स्वतः जाते. मी नको म्हणतो, ती ऐकत नाही. यंदा दोघांनाही लवकर दम लागतो. दिवाळीला येशील तर बरं होईल. तुझ्या मायेचा धाक आम्हाला असाच राहू दे.

तुझा,
बा

---

पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

ती. बा यांस,

सा. न. वि. वि. दिवाळीला आलो नाही म्हणून याडी रुसली असेल. सुट्टी मिळाली होती, पण दोन दिवस मी नुसते झोपून काढले. निकिता म्हणाली, या अवस्थेत सातशे किलोमीटर गाडी चालवायची नाही. तिचं ऐकलं.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. गाडी गप्प आहे याचा अर्थ तुमचा हात तिला पटला. चूक नसली की ती बोलत नाही. काचेवरच्या पट्टीचा फोटो ममताला पाठवायला सांगा, छान दिसत असणार.

याडीला वेचणीला जाऊ देऊ नका. तुम्हा दोघांच्या आशीर्वादावर इथलं गाडं चाललं आहे, तो कमी पडू देऊ नका.

आपला,
संजय

---

॥ जय सेवालाल ॥

धावजीनगर तांडा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. संजय यास,

अ. आ. वि. वि. मी बरा आहे. तुझी याडी आर्णीला ममताकडे आहे. गोठ्यात पाय घसरून मनगटाला लागलं, प्लास्टर घातलं आहे. काळजीचं कारण नाही. ममता तिला काम करू देत नाही, तेव्हा तिथेच राहू दे म्हटलं.

गाडी घरी भिंतीला लावून उभी आहे. मी ती सध्या काढत नाही, एकट्याला कुठे जायचं असतं. त्याबद्दल ममताला फोनवर विचारत बसू नको, तिला लेकरांचं असतं.

भाकरी मी करून खातो. जाड होते पण होते. जास्त लिहिण्यासारखं काही नाही. आठवण ठेव.

तुझा,
बा

---

आर्णी
२३ नोव्हेंबर २०२५

चि. संजयले याडीचा आशीर्वाद.

हे पत्र मी सांगून राह्यली आन् ममता लिहून राह्यली. मी सांगीन तसंच लिही, तुह्या शाळेतल्या भाषेत करू नको, असं तिले बजावलं हाय. फोन काहून नाई केला म्हणशीन. फोनवर तू मधीमधी बोलतं, मंग माह्यं सांगाचं राहून जाते.

तुह्या बानं तुले गोठ्याचं लिहिलं म्हणून जावईबापूले सांगतलं, ते खोटं हाय. गोठ्यात काई नाई झालं. आमी दोघं ममताकडं येऊन राह्यलो होतो. घाटंजी मांगं पडली होती. आठ दिवस कापूस येचला होता, पाठ भरून आलती. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं. आन् मले झोप लागली. संजय, मी गाडीत झोपली. इतक्या वर्सांत पयल्यांदा.

डोळा उघडला तं समोर कापसाची ट्रॉली. पंक्चर होऊन उभी होती, वरतं कापसावर दोन बाया बसलेल्या. तुह्या बाकडं पायलं तं त्यायची मान खाली गेलती. मी दोन्ही हातानं थाप मारली. त्यायनं हँडल वढलं. गाडी माह्या बाजूनं ट्रॉलीले घासत गेली. दार चेपलं, मनगट त्याच्यात आलं. त्या बाया वरून माह्याकडं पाहत होत्या. त्यायचे चेहरे अजून दिसतेत मले.

गाडी एक शब्द बोलली नाई. जावईबापूनं मंग पायलं. आरशाच्या मांगं जो तिचा डोळा हाय, त्याच्यावर आपली पट्टी चिकटली होती. ती लावली तवापासून समोर एक पिवळा दिवा लागून राह्यला होता. तुह्या बाले तो डोळ्यात जात होता, तं त्यायनं माह्या पाकिटातली टिकली काढून त्या दिव्यावर लावली. ट्रकात असंच करत होते ते, दिवा लागला का त्याच्यावर चिकटपट्टी. मलेबी ठाव होतं. मी म्हटलं टिकली बरी दिसते.

त्यायले रागावू नको. त्या दिवसापासून ते जेवले का नाई देव जाणे. गाडीची चेपलेली बाजू भितीकडं करून ठेवली हाय, कोणी पाहू नये म्हणून. तेबी थकले.

पण एक गोष्ट मले तुमा दोघायले सांगाची हाय. तुमी बाप-लेक पत्रात भांडता, ड्रायव्हरले मशीन लागते का नाई. तुही पत्रं ममतानं मले वाचून दाखवली. मले कोणी विचारलं नाई. गोविंदा पळाला तवापासून मी त्या बाजूले बसून हाव. लोक म्हणतेत, हंसाबाईले फिराची लय हौस. तू लहान होता तं सांगत फिरे, माह्या याडीले रस्ता पाहाले आवडते म्हणून. मले रस्ता नाई आवडत. मले रस्त्याचा कटाळा आला. लग्नाले जाओ, मयतीले जाओ, दवाखान्यात जाओ, उतरल्यावर माह्ये पाय गळतेत. सारी वाट मीच चालवली असते, हँडल हाती नसलं तरी.

ते मशीन माणसापरीस चांगलं का वाईट, मले समजत नाई. ते चाऱ्याले भेते, कोंबडीले भेते, मान्य हाय. पण ते थकत नाई ना? मंग त्याले करू दे. मी लय केलं. मले एकडाव गाडीत सुखानं झोपू दे.

मी ठरवलं हाय. आता बसली तं मांगच्या सीटवर बसीन. क्लिनर साईडले नाई बसत. हे तुह्या बाले तूच लिही, मले सांगवत नाई.

निकिताले आशीर्वाद. तिच्यावर जीव लाव, तिचं आयकत जा.

तुही,
याडी

(भिया, ममताचा नमस्कार. यातलं एक अक्षर मी बदललं नाही. सांगून झाल्यावर याडी इथेच भिंतीला टेकून झोपली, म्हणून अंगठ्याऐवजी माझी सही. ट्रॉलीवाल्याची समजूत यांनी काढली आहे, त्याचा प्रश्न नाही.)

---

पुणे
३० नोव्हेंबर २०२५

ती. बा यांस,

सा. न. वि. वि. याडीचं पत्र आलं. मी रागावलेलो नाही. रागवायचं तर आधी स्वतःवर रागवावं लागेल. काचेच्या वरच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी लावल्याचं तुम्ही मला स्पष्ट लिहिलं होतं. कॅमेरा कुठे आहे हे मीच तुम्हाला लिहिलं होतं. तुमचं पत्र मी गोदामातून आल्यावर अर्धवट झोपेत वाचलं आणि छान म्हणून उत्तर टाकलं.

तुमच्या आजोबांच्या बैलाची घंटा थांबली की झोपलेला माणूस जागा व्हायचा. आपली घंटा थांबली तेव्हा आपण दोघंही खूश झालो. तीन-चार दिवस माझ्या डोक्यात हेच चाललं आहे.

आणखी एक आठवलं. शाळेच्या सुट्टीत ट्रकमध्ये मी याडीच्या मांडीवर झोपायचो. तिचा एक हात माझ्या डोक्यावर असायचा आणि दुसरा कायम डॅशबोर्डवर. मला वाटायचं ती धक्का बसू नये म्हणून धरून बसते.

बा, आता माझं ऐका. पट्टी काढा, पुढच्या काचेवरून मागच्या काचेवर न्या. गाडी यवतमाळला नेऊन दार आणि कॅमेरा दोन्ही बघून घ्या, ममताचे यजमान सोबत येतील. आणि कानाची मशीन लावा. ती कानात असेल तरच हँडल हातात घ्यायचं. हे जमणार नसेल तर किल्ली ममताकडे द्या. किल्ली गेल्यावर तुम्ही अंगणात बसून काय कराल ते मला डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून हे वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला. पण त्या ट्रॉलीवरच्या बायाही मला दिसतात, मी त्यांना कधी बघितलं नसताना.

याडी मागेच बसेल. ते तिचं ठरलं आहे आणि तिने ते मला तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

उत्तराची वाट बघतो. कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला, माया आटू देऊ नका.

आपला,
संजय

---

॥ जय सेवालाल ॥

धावजीनगर तांडा
२८ डिसेंबर २०२५

चि. संजय यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र बरेच दिवस उशाखाली ठेवलं होतं. राग नव्हता.

पट्टी गरम पाण्याने भिजवून काढली आणि मागच्या काचेवर लावली. महाराज मागचं सांभाळतील. टिकली निघाली, पण तिचा डिंक राहिला, तो अजून थोडा दिसतो. यवतमाळच्या मेकॅनिकने कॅमेरा पुसला, काहीतरी जोडून तपासला आणि हसला. त्याच्याकडे लिंबू-मिरची, काळी बाहुली, हार, सगळं त्या डोळ्यावर लटकवून लोक येतात म्हणे. दाराचा रंग मूळ रंगाशी जुळला नाही. पुन्हा मारून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. आता गाडी भिंतीला लावत नाही, चौकाकडे तोंड करून उभी असते.

कानाची मशीन लावली. पहिल्या दिवशी नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू आलं, मी स्वतः भाकर चावतो ते ऐकू आलं, आणि पलीकडच्या ओट्यावर रुपीबाई माझ्याबद्दल काय बोलते तेही ऐकू आलं. ते तुला लिहीत नाही. मग गाडीत बसलो. संजय, ती इतक्या बारीक आवाजात बोलते हे मला माहीत नव्हतं. मी तिला उगाच ओरडणारी म्हणत होतो. तुझ्या याडीच्या तोंडून ऐकलं होतं ना, म्हणून मोठं वाटलं असेल.

याडीचं प्लास्टर निघालं म्हणून तिला आणायला परवा आर्णीला गेलो. तिने मागचं दार उघडलं आणि मागे बसली. ममताने तुरीच्या शेंगांची पिशवी दिली, ती मी क्लिनर साईडला ठेवली. तरी सारखी नजर तिकडे जात होती. एका गावात वासरू आडवं आलं, मला दिसायच्या थोडं आधी गाडीने टोकलं. मला दिसलंच असतं. पण आधी टोकलं हे खरं आहे. घाटंजी रोडवर पट्टेच नसल्याने हँडलच्या बाबतीत तिने हात टेकले, पडद्यावर तसं चित्र आलं. मला बरं वाटलं. तेवढं मी चालवलं.

घाटंजीच्या पुढे आरशात बघितलं तर तुझी याडी झोपली होती. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, दुखरा हात मांडीवर. इतकी वर्षं मी तिला गाडीत झोपलेलं बघितलं नव्हतं. घरी बघितलं आहे, पण तशी ती दिसत नव्हती, दुसरीच कुणी बाई वाटली. एवढी थकलेली बाई मी रोज बाजूला बसवून नेत होतो.

मग माझ्या मनात एकच आलं, की बीप वाजली तर ती उठेल. म्हणून मी गाडीला बोलायला कारणच दिलं नाही. कुणाच्या मागे जवळ गेलो नाही, कुणाला ओलांडलं नाही, बैलगाडीच्या मागे बैलगाडीच्याच चालीने गेलो. मागचे हॉर्न मारत होते. आता ते मला ऐकू येतात, तरी मारू दिले. एवढं जपून मी ट्रकसुद्धा कधी चालवला नव्हता. ड्रायव्हरला यंत्र लागतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला लागत होतं, एवढं मला कळलं.

पांढरकवडा थोडं राहिलं असताना झोपेतच तिचा हात उठला आणि माझ्या सीटच्या पाठीवर थाप पडली. एकच. मी आरशात बघितलं, तिचे डोळे मिटलेले होते. समोर रस्ता मोकळा होता, गाडी गप्प होती. मी कडेला घेतली आणि थांबलो.

इंजिन बंद केलं, कानातली मशीन तशीच राहू दिली. तिचा श्वास ऐकू येत होता. ती उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. घर आलं का असं तिने विचारलं. येतच आहे म्हणालो आणि गाडी सुरू केली. आपण तिथे किती वेळ उभे होतो ते तिला माहीत नाही, तूही सांगू नको.

सौ. निकिताला आशीर्वाद. तू फार थकतोस, तो चहाचा कप दिसला की गाडी बाजूला घेऊन खरंच चहा पीत जा. आम्हा दोघांवर लोभ असू दे.

तुझा,
बा